न दिसणारी जखम



आजची सुरुवात सभासदाच्या बखरीपासून करू. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली ही बखर. अफझलखानाचा वध झाल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांची कशी वास्तपुस्त केली, ते कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. जे पडले त्यांच्या मुलांचा सांभाळ झाला. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धं वेतन लावून दिलं. आणि जखमींना जखमेच्या मानाने होन मिळाले, कुणाला पंचवीस, कुणाला दोनशे. म्हणजे आधी जखम पाहायची, मग रक्कम ठरवायची.

हिशेब चोख आहे. पण जी जखम दिसतच नाही, तिचे होन किती?

समजा, म्हैसूरला एक निवृत्त सुभेदार राहतात. मराठी घरातले, तीस वर्षं फौजेत काढलेले. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने निदान लिहिलं : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू दचकून शरीराला जागं करतो. एका रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं. आठ तास झोपूनही माणूस सकाळी थकलेलाच. बोर्डाने अपंगत्व 20 टक्के धरलं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही. दावा नामंजूर. हे सुभेदार मी कल्पनेतले घेतले आहेत, पण असे दावे आणि असे नकार खरे आहेत.

आता थोडं मागे जाऊ, म्हैसूरच्याच घोडदळाकडे. म्हैसूर लान्सर्स 1914 मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी समुद्रापार गेले. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफाच्या लढाईत जोधपूर लान्सर्सनी शहरावर घोडे घातले, आणि म्हैसूरच्या एका तुकडीने कार्मेल डोंगरावरच्या तोफांवर चाल केली. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातला एक पुतळा म्हैसूरच्या स्वारांसाठी आहे. पडलेल्यांचं स्मारक झालं, हे योग्यच झालं. पण परत आल्यावर जे रात्ररात्र जागे राहिले असतील, त्यांचं स्मारक कुठे असणार?

त्याच युद्धात डॉक्टरांपुढे हा प्रश्न आला होता. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने फेब्रुवारी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लेख लिहिला. अंगावर ओरखडा नाही, पण स्मरण गेलेलं, नजर अधू झालेली, झोप उडालेली. अशा सैनिकाने आपलं दुखणं सिद्ध कसं करायचं? ब्रिटनला उत्तर सापडायला दुसरं महायुद्ध उजाडलं. 1943 मध्ये तिथे ठरलं की सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर टाकायचं नाही.

आपल्याकडे हेच तत्त्व 1982 च्या नियमांत स्पष्ट आलं. भरतीच्या वेळी सैनिक निरोगी होता असं धरायचं, त्या वेळची काही वेगळी नोंद असेल तरच अपवाद. शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला. तरीही नकार येतच राहिले. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर 1994 मध्ये अपस्माराच्या कारणाने त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के, पण बोर्डाच्या मते सेवेशी संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो जुलै 2013 मध्ये. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि तेव्हा तो का ओळखता आला नसता याची कारणंही बोर्डाने दिली नाहीत, तर नुसतं ‘संबंध नाही’ म्हणून भागणार नाही. या एका उत्तरासाठी एकोणीस वर्षं गेली.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. स्लीप अ‍ॅप्निया गणवेश न घातलेल्यांनाही होतो. वाढलेलं वजन, जाड मान, जबड्याची ठेवण ही त्याची नेहमीची कारणं. म्हणून ‘जीवनशैलीचा आजार’ हा शिक्का चटकन बसतो. 2008 आणि 2023 मध्ये नियमही अधिक कडक झाले. पण मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात सांगितलं की ‘शांत ठाण्यावर नेमणूक होती’ किंवा ‘जीवनशैलीचा आजार आहे’ एवढं लिहून दावा फेटाळता येत नाही. बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत.

मग आपल्या सुभेदारांनी काय करायचं? नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील. तेही फेटाळलं तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते उभं राहिलं आणि 2009 मध्ये त्याचं काम सुरू झालं. कर्नाटकातली प्रकरणं कोची खंडपीठाकडे जातात, महाराष्ट्र आणि गोव्यातली मुंबईकडे. उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही, कारण पेन्शन दर महिन्याला बुडत असते. मात्र 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. दावा मंजूर झाला, तर जुन्या नियमांखाली निवृत्त झालेल्यांना 20 टक्क्यांचे 50 टक्के धरून रक्कम मिळू शकते. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या घरात हा फरक मोठा असतो.

अपिलाला जोडायचे कागद : भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, बोर्डाचा पूर्ण अहवाल, झोपेच्या तपासणीचा निकाल, आणि नेमणुकांचा तक्ता. कुठे किती वर्षं, रात्रीच्या ड्यूट्या किती, त्रास कधी सुरू झाला, नंतर तो कसा वाढत गेला. आजार सेवेमुळे झाला हे पटवता आलं नाही, तरी सेवेने वाढला हा दुसरा दरवाजा उघडा असतो, हे विसरू नका.

या आजाराची एक गंमत आहे. ज्याला तो होतो, तो स्वतः झोपलेला असतो. घोरणं ऐकतो बराकीतला शेजारी, श्वास अडकल्याचं पाहते बायको. साक्षीदार भरपूर असतात, पण बराकीतली थट्टा दवाखान्याच्या कागदावर कधी उतरत नाही. म्हणून आज नोकरीत असलेल्यांना एवढंच सांगतो : त्रास असेल तर डॉक्टरांकडे जा आणि नोंद करून घ्या. कुणी हसलं तर हसू द्या.

साडेतीनशे वर्षांपूर्वी जखम डोळ्यांनी पाहून होन दिले जात. आज न दिसणारी जखम पाहायची, तर कागदच पाहावा लागतो. तो कागद नीट ठेवणं हे सैनिकाचं काम. तो नीट वाचून, ‘नाही’ म्हणायचं असेल तर का नाही ते लिहिणं, हे राज्याचं.