टोपी काढून जेवणारा माणूस

जानेवारी 1951, सोव्हिएत सक्तमजुरीची छावणी. पहाटेचे पाच वाजलेत. कचेरीच्या बराकीबाहेर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कोणी हातोडा हाणतो आहे. खिडकीच्या काचेवर दोन बोटं जाड बर्फ साचलाय, त्यातून तो आवाज जेमतेम तुमच्यापर्यंत पोचतो आणि विरतो. तुम्ही वरच्या फळीवर आहात. तोंडावरून कांबळं आणि कोट ओढलेला, दोन्ही पाय जाकिटाच्या एकाच बाहीत कोंबलेले. बाहेर उघडं माळरान आहे आणि पारा उणे 27 वर आहे. उणे 41 च्या खाली गेला तरच कामाला सुट्टी. तेव्हा ती आशा सोडा आणि उठा.

तुमची टोळी 104 नंबरची. टोपीवर, छातीवर, पाठीवर आणि गुडघ्यावर शिवलेल्या चिंधीवर एक अक्षर आणि एक आकडा रंगवलेला आहे. पहारेकरी तुम्हाला त्या आकड्यानंच हाक मारतील. आज दिवसभर ज्याच्या मागे राहायचं तो श्च-854, इवान देनिसोविच शुखोव. चाळिशीचा, खेड्यातला, अर्धे दात पडलेला. 1942 साली आघाडीवर जर्मनांच्या वेढ्यात सापडला, एक-दोन दिवस त्यांच्या कैदेत राहिला आणि पळून आपल्या लोकांत परत आला. त्याबद्दल त्याला हेर ठरवून दहा वर्षं दिली. कबुलीवर सही केली नाही तर मरण, केली तर आणखी काही दिवस जगणं, म्हणून त्यानं सही केली.

खानावळीत या. वाफ, धक्काबुक्की, टेबलावर थुंकलेले माशांचे काटे. वाडग्यात पाणचट रस्सा, त्यात बारीक मासळी आणि काळा पडलेला कोबी. शुखोव बुटात हात घालून चमचा काढतो. ॲल्युमिनियमची तार वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून त्यानं तो स्वतः बनवलाय. त्यावर कोरलंय 'उस्त-इझ्मा, 1944'. ती त्याची आधीची छावणी. मग तो डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. खानावळसुद्धा थंडच आहे, भादरलेल्या डोक्याला गारठा झोंबतो, कोणाचं त्याच्याकडे लक्षही नाही. पण टोपी घालून जेवायचं हे त्याला जमत नाही. मासा तो सगळा खातो, कल्ल्यांसकट, शेपटीसकट. डोळे जागेवर असतील तर डोळेही. ते सुटून रस्शात तरंगायला लागले, की मात्र खात नाही. बाकीचे हसतात.

इथे तुम्ही थांबावं असं मला वाटतं. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची 'इवान देनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस' ही कादंबरी वाचताना मी या जागी दर वेळी थांबते. उपाशी माणसानं माशाचे डोळे का टाकावेत? त्यात पोषण आहे, ते फुकट आहेत, हिशेबानं पाहिलं तर हा वेडेपणा आहे. पण इथे उठणं, चालणं, झोपणं, संडासला जाणं, सगळं दुसऱ्याच्या हुकमावर चालतं. उरलेल्या वीतभर जागेत शुखोवनं स्वतःचा एक कायदा केलाय आणि तो मोडायचा की नाही हे फक्त तोच ठरवतो. त्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, आणि लेखकानंही त्याच्या तोंडी तसं भाषण घातलेलं नाही. ही त्या लेखनाची मोठी ताकद आहे.

फाटकाशी झडती चालू आहे. अधिकाऱ्यानं भर थंडीत सदरे उघडायला लावलेत, आत जादा कपडा घातलाय का ते बघायला. तुमच्या टोळीतला कॅप्टन बुइनोव्स्की, एकेकाळचा नौदल अधिकारी, उसळून ओरडतो की थंडीत लोकांचे कपडे उतरवायचा तुम्हाला हक्क नाही, कायद्याचं कलम वाचा. त्याला दहा दिवस अंधारकोठडी. शुखोव गप्प राहतो. कॅप्टन शूर आणि शुखोव भित्रा, असं लगेच म्हणू नका. कॅप्टन इथे नवा आहे आणि त्याच्या शब्दाला अजून जहाजावरचं वजन आहे असं त्याला वाटतं. शुखोवनं आठ वर्षं काढलीत. दोघंही आपली पत राखताहेत. पण त्या कोठडीत दहा दिवस काढलेल्या माणसाची तब्येत जन्माची जाते, हे शुखोवला ठाऊक आहे.

आता काम. अर्धवट राहिलेल्या वीजकेंद्राचा दुसरा मजला. शुखोव लपवून ठेवलेली स्वतःची थापी काढतो. थापीत थोडा जरी फरक असला तरी गवंड्याला तो हातात कळतो. माल गरम वर येतो आणि बघता बघता गोठतो, म्हणून आधी थापीनं पसरायचा आणि लगेच ठोकळा बसवायचा. वाकडा बसला तर तो तिथेच चिकटणार. आधीच्या कोणीतरी भिंतीत पोट काढून ठेवलंय. शुखोव मनाशी ठरवतो की ते दोन रद्द्यांत सरळ करायचं. आणि करतो. सकाळी अंग दुखत होतं, कणकण होती, ते तो विसरून गेलाय. सुटीची वेळ झाली, शेकडो कैदी फाटकाशी गिनतीला ताटकळलेत, तरी उरलेला माल संपवायला तो मागे थांबतो. पळता पळता परत फिरतो आणि भिंतीवरून नजर टाकतो, सरळ आली का ते बघायला.

ही भिंत मला सुखानं वाचता येत नाही. ती तुरुंगाच्या मालकांची आहे. सक्तीच्या कामात गोडी वाटणं हाच त्यांचा सर्वांत मोठा विजय नाही का? असं मी बराच काळ मानत होते. आता मानत नाही, कारण भिंत सरळ आल्याचा आनंद कोणत्याच वहीत लिहिला जात नाही आणि तो काढूनही घेता येत नाही.

रात्रीच्या जेवणाला समोर बसलेल्या यू-81 कडे बघा. उंच म्हातारा, किती वर्षं आत आहे याची गणती नाही, तोंडात दात नाही. सगळे वाडग्यावर वाकलेत, हा ताठ बसून चमचा तोंडापर्यंत उचलतो. पाव घाणेरड्या टेबलावर न ठेवता धुतलेल्या फडक्यावर ठेवतो. शुखोव त्याच्याकडे बघत राहतो.

त्याच संध्याकाळी फेत्युकोव रडत बराकीत येतो. बाहेर मोठा साहेब होता. इथे दुसऱ्यांचे वाडगे चाटतो आणि त्यापायी आज मार खाऊन आलाय. शुखोवच्या पहिल्या मुकादमानं त्याला बजावलं होतं की छावणीत आधी मरतात ते वाडगे चाटणारे, दवाखान्यावर भिस्त ठेवणारे आणि चुगल्या करणारे. फेत्युकोव टिकणार नाही हे शुखोव जाणतो. दिवसभर त्याचा तिटकारा केलेल्या शुखोवला आता त्याची कीव येते.

आता अकरा वर्षं पुढे या. नोव्हेंबर 1962, मॉस्को. ही कादंबरी छापलेला 'नोवी मीर' मासिकाचा अंक हातोहात संपतोय. संपादक त्वार्दोव्स्की यांनी हस्तलिखित रातोरात वाचलं, पुढे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांची संमती मिळवली. सोल्झेनित्सिन स्वतः कझाकस्तानात एकिबास्तुझच्या छावणीत होते, तिथे काही काळ गवंडीकामही केलं. अंकासाठी लागलेल्या तुमच्या रांगेत असे लोक आहेत ज्यांच्या घरचं कोणी ना कोणी आत होतं, आणि आजवर त्यांचं तिथलं जगणं छापून आलं नव्हतं.

याच महिन्यात लेखक वार्लाम शालामोव सोल्झेनित्सिन यांना पत्र लिहितात. ते कोलिमाच्या छावण्यांत अनेक वर्षं राहून आलेले. कथेचं भरभरून कौतुक करतात, आणि मग विचारतात की तुमच्या छावणीत दवाखान्याजवळ मांजर कसं फिरतं, ते आमच्याकडे कधीच खाल्लं गेलं असतं. उवा नाहीत, पाव मागे ठेवून कामाला जाता येतं, लोक चमच्यानं जेवतात. ही छावणी आहे तरी कुठे, एखादं वर्ष तिथे काढायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

चमचा. शुखोवचा सगळा मान ज्यावर उभा आहे तोच. मला शालामोव यांचं म्हणणं पटतं, आणि त्यानं शुखोव तसूभरही लहान होत नाही. टोपी काढून जेवायला डोक्यावर टोपी असावी लागते, ताठ बसायला अंगात तेवढं रक्त असावं लागतं. ज्यांच्याकडून तेही काढून घेतलं, ते मोडले तर जाब त्यांना विचारायचा नाही.

1974 मध्ये सोल्झेनित्सिन यांना देशाबाहेर काढलं आणि हे पुस्तक सोव्हिएत ग्रंथालयांतून हटवलं गेलं. शालामोव यांच्या कोलिमाकथांचा संग्रह तर त्यांच्या हयातीत त्यांच्या देशात निघालाच नाही. दोन्ही वाचा. आधी शुखोवचा दिवस, तोही एका बैठकीत, आणि मग लगेच शालामोव. फक्त पहिलं वाचून थांबू नका.