मुडदूस, पडदा आणि नाशिक

1922 साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या ब्रिटिश नियतकालिकात हचिसन आणि शाह यांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निरीक्षणे नाशिकची होती. मुडदूस म्हणजे गरिबीचा, अपुऱ्या अन्नाचा आजार, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. नाशिकमध्ये चित्र उलटे दिसले. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत मुडदूस आढळला नाही. तो आढळला पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू व मुस्लिम घरांत, जिथे आहार तुलनेने चांगला होता.

त्या सुमारास युरोपात दोन मते होती. 1919 मध्ये लंडनच्या मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांतून आहाराकडे बोट दाखवले, तर त्याच वर्षी बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याने बरी केली. पुढे उलगडले की दोघेही बरोबर होते. सूर्यप्रकाशातील सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेत ड जीवनसत्त्व घडवतात. माशाच्या यकृताच्या तेलात ते आयतेच मिळते.

हे जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. रक्तातील पातळी टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि नवे हाड कच्चेच राहते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचे प्रमाण घटते. येथे हाड मऊ पडते. मुलांचे पाय वाकतात, प्रौढांना अस्थिमृदुता होते.

सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनी मोजली. लहान वयात लग्न, पाठोपाठची बाळंतपणे, अंगावरचे दूध आणि चार भिंतींतील आयुष्य यांमुळे कटीराची हाडे वाकत, प्रसूतीचा मार्ग अडे आणि आई-मूल दोघांचाही जीव धोक्यात येई. कॅथलीन व्हॉन यांनी 1928 मध्ये काश्मीरमधून आणि डॅग्मार विल्सन यांनी 1930 च्या सुमारास कांगडा खोऱ्यातून असेच अनुभव नोंदवले.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अभ्यासात निरोगी डॉक्टर आणि परिचारिकांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व कमी आढळले. त्यांच्यावर पडद्याची सक्ती नव्हती. दिवस मात्र छताखाली जात होता. खिडकीची काच उजेड आत सोडते, पण हे किरण बहुतांशी अडवते. म्हणूनच हाडांच्या तक्रारीत रुग्ण काय खातो, याबरोबरच त्याचा दिवस कुठे जातो, हेही विचारावे लागते.