पंचकार्डाच्या मागची बाजू

दिवाळीत चांदूर बाजारला घरी गेले होते. मोठेबाबांच्या पेटीत बागेचे जुने कागद शोधताना एक जाड, पिवळट पट्टी हाती लागली. तिच्यावर पेन्सिलनं आंबिया बहाराचा हिशेब होता: संत्रा किती, व्यापारी कोण, इसार किती. पलटून पाहिलं तर बारीक चौकोनी भोकं. पंचकार्ड! ज्या वस्तूसाठी मी तीन वर्षं मुंबई-पुण्याची ग्रंथालयं धुंडाळतेय, ती आमच्याच घरी पडून होती.

मोठेबाबा १९६० च्या दशकात मुंबईला विमा कचेरीत कारकून होते. वापरून झालेली कार्डं चिठ्ठ्यांसाठी घरी यायची, कारण पाठ कोरी आणि कागद टणक. माझा विषय आहे महाराष्ट्रातल्या मेनफ्रेमचा इतिहास. मेनफ्रेम म्हणजे एका संस्थेचे सगळे हिशेब एकाच जागी करणारा मोठा संगणक. तो अजून संपलेला नाही. आयबीएमने २०२५ मध्येही झेड१७ हे नवं मॉडेल आणलं, आणि जगातल्या मोठ्या बँकांचे कोबॉलमधले जुने प्रोग्राम अशा यंत्रांवर अजून चालतात. पुण्या-मुंबईत बसून ते सांभाळणारी मुलं-मुली तुमच्या ओळखीत असतील.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकी बनावटीचा सीडीसी ३६०० आला आणि बाहेरच्या संस्थांचे संशोधकही कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे जाऊ लागले. गठ्ठा खिडकीत द्यायचा, उत्तर नंतर घ्यायला यायचं. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

ही झाली विज्ञानाची बाजू, आणि ती चांगली नोंदवली गेलीय. मला खुणावते ती कचेरीची बाजू. आयुर्विमा महामंडळ १९५६ चं. दशक संपता संपता तिथे कार्डं वाचणारी यंत्रं आली आणि १९६४ मध्ये संगणक आला. यंत्राला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पॉलिसीची माहिती आधी माणसाने कार्डावर भोकं पाडून लिहायची. मग दुसऱ्या माणसाने तीच माहिती पुन्हा टाइप करून पडताळायची. 'यंत्राचं काम' म्हणतात त्याच्या आधी माणसाचं काम असं दुप्पट असायचं. हे पंच ऑपरेटर, ज्यांत मुली पुष्कळ होत्या, छापील इतिहासात शोधून पाहा. यंत्रांची मॉडेलं मिळतील, या मुली क्वचित.

आता त्या गोष्टीकडे येऊ जी आपण सगळे पाठ केल्यासारखी सांगतो: 'युनियनवाल्यांनी अडाणीपणाने संगणकाला विरोध केला, १९७८ मध्ये सरकारने आयबीएमला घालवलं, आणि त्यातून भारतीय सॉफ्टवेअर जन्माला आलं.' माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातही हेच होतं. गाईडांनी समासात एवढंच लिहिलं: 'तारखा तपासा.'

तपासल्या. टीसीएस १९६८ ची. बरोज कंपनीचं यंत्र तिने १९७४ मध्येच आणलं. यंत्र आयात करायचं तर निर्यात करून परकीय चलन कमवायचं, अशी सरकारी अट होती; सॉफ्टवेअर निर्यातीची वाट तिथून फुटते, आयबीएम जायच्या चार वर्षं आधी. आणि आयबीएम इथे काय देत होती? बाहेरदेशी वापरून झालेली १४०१ यंत्रं दुरुस्त करून इथे भाड्याने. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७६ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने विदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, कंपनीने ते मानलं नाही आणि ती गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.

विरोधाचंही तसंच. कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी इलॅको हाउसमध्ये संगणक बसू दिला नाही, हे प्रसिद्ध आहे. पण १९६९ मध्ये केंद्राने स्वयंचलनाचा विचार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कोण? वि. म. दांडेकर. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, नीळकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध करणारे पुण्याचे अर्थतज्ज्ञ. संगणकाचा प्रश्न इंजिनिअरकडे न जाता अशा माणसाकडे गेला, हेच मला फार बोलकं वाटतं. तो त्या काळी रोजगाराचा प्रश्न होता. आणि १९८३ मध्ये बँकांत यंत्रं आली ती संघटनांशी करार करून. अडाण्यांशी कोणी करार करत नाही.

मोठेबाबा मोर्चात गेले होते. यंत्राची भीती वाटायची का, असं विचारलं तर चिडलेच.

"मशीनले कोन भेते वं? एका मशीनच्या पायी दहा पोराइची भरती बंद होईन, याची भीती होती. चांदूरहून गेलेल्या पोराले दुसरं काय होतं तिथी?"

त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं पुरावा म्हणून घेत नाही. साठ वर्षांनी माणूस आपलीच बाजू घासूनपुसून सांगतो. पण युनियनची त्या वेळची पत्रकं वाचताना हाच प्रश्न घेऊन वाचायला हवं, हे त्यांच्यामुळे कळलं. गंमत अशी की त्यांचाच मुलगा, माझा दादा, पुढे पुण्यात कोबॉल शिकून वायटूकेच्या कामावर लागला. सालाचे दोनच आकडे लिहायची सवय जडण्यामागे कार्डावरची जागा वाचवण्याची काटकसरही होतीच. भरती बंद होईल म्हणून बाप मोर्चात गेला आणि त्याच काटकसरीवर मुलाला नोकरी मिळाली. मात्र ज्या दहा पोरांबद्दल मोठेबाबा बोलत होते, ती पोरं काही ही नव्हेत.

आता कार्डाकडे. ऐंशी उभे रकाने, बारा आडव्या ओळी. अंकाला एक भोक, इंग्रजी अक्षराला दोन. कोड माहीत असल्याने तासाभरात सगळं उतरवून काढलं. हाती काय आलं? आकड्यांची एक लांबलचक माळ. कुठला आकडा हप्त्याचा, कुठला जन्मसालाचा, कुठला शाखेचा, हे कार्ड सांगत नाही. ते एका वेगळ्या कागदावर असायचं, फाइल लेआउटवर. यंत्रं गेली तेव्हा हे कागद रद्दीत गेले. तेव्हा दप्तरखान्यात कार्डांचे गठ्ठे सापडले तर लगेच हुरळून जाऊ नका. आधी लेआउट शोधा, आणि ते नसेल तर ते काम केलेलं माणूस शोधा.

मी मोठेबाबांपुढे कार्ड धरलं. चष्मा न लावता त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. "हे पॉलिसीचा नंबर," पहिल्या काही रकान्यांवर ते म्हणाले. पुढे बोट थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा थांबलं. बाकीचं आठवेना.

दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि कार्ड माझ्या फाइलमध्ये ठेवू लागले, तर त्यांनी हात पुढे केला.

"पाहून झालं न? दे मंग इकडे. मांगच्या बाजूले हिशोब हाय."