विक्रम गोखले

गोखले, विक्रम चंद्रकांत (१९४५ – २६ नोव्हेंबर २०२२) : मराठी रंगभूमी आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील नट. अभिनय त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासूनचा. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेत पुरुष उभा करावा लागला, त्याच वर्षी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये विक्रम यांच्या पणजी दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि आजी कमलाबाई मोहिनी. तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाबाईंनी नाटकांत कामे करून मुले वाढवली. लालजी व सूर्यकांत तबल्याकडे वळले, चंद्रकांत नट झाले. विक्रम हे त्यांचे चिरंजीव.

जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ (१९७७, दिग्दर्शन विजया मेहता) या नाटकातील बॅरिस्टर ही विक्रम यांची सर्वांत मोठी भूमिका. विलायतेहून सुधारकी विचार घेऊन परतलेला, पण घराण्यात वेड आहे या धास्तीने पोखरलेला हा माणूस गोखल्यांनी आरडाओरड न करता उभा केला. वाक्याच्या मध्येच थांबायचे, नजर स्थिर ठेवायची आणि पुढचा शब्द जणू आत्ताच सुचल्यासारखा उच्चारायचा, ही त्यांची रीत. पुढे काही भूमिकांत हा थांबा सवयीचा झाला. इथे मात्र त्या शांततेत बॅरिस्टरची भीती ऐकू येई. याच कथेवरच्या ‘रावसाहेब’ या हिंदी चित्रपटात मुख्य भूमिका अनुपम खेर यांच्याकडे गेली. ‘महासागर’ आणि तेंडुलकरांचे ‘कमला’ ही गोखल्यांची आणखी गाजलेली नाटके.

हिंदी पडद्याने त्यांना बहुधा रुबाबदार दुय्यम कामे दिली : ‘अग्निपथ’मधील पोलीस आयुक्त गायतोंडे, ‘हम दिल दे चुके सनम’मधील गायक पंडित दरबार. मराठीत ‘अग्निहोत्र’ ही मालिका आणि ‘नटसम्राट’ (२०१६) मधील रामभाऊ लोकांच्या लक्षात राहिले. ‘आघात’ (२०१०) त्यांनी दिग्दर्शित केला. आजारी पत्नीच्या उपचारांसाठी पैसे जमवणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या ‘अनुमती’तील भूमिकेबद्दल त्यांना २०१२ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासमवेत विभागून मिळाला. त्याआधी संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला होता.

२०१६ मध्ये घशाच्या विकारामुळे त्यांनी रंगभूमी सोडली. चित्रीकरण सुरूच राहिले. त्यांची भूमिका असलेला ‘गोदावरी’ पडद्यावर आला त्याच महिन्यात पुण्यात त्यांचे निधन झाले.