तळटीप : सांत जॉर्दीचा दिवस

* सांत जॉर्दी हा कातालोनियाचा संरक्षक संत. त्याचा सण २३ एप्रिलला असतो. परदेशी विद्यार्थ्याला या सणात पाहुण्याचीच जागा मिळते, असे मूळ मजकुरातून सूचित होते. ते पटण्याजोगे नाही. या दिवशी कातालोनियात सार्वजनिक सुट्टी नसते. कामावर जाता-येता लोक बार्सिलोनाच्या रस्त्यांवर पुस्तकांच्या आणि गुलाबांच्या टेबलांपुढे थांबतात, आणि सण तिथेच साजरा होतो. लाल गुलाब, त्याला जोडलेली गव्हाची ओंबी आणि पिवळ्या-लाल पट्ट्यांची फीत हातात घ्यायला नातेगोते किंवा आमंत्रण लागत नाही. पुरुषाने गुलाब द्यायचा आणि स्त्रीने पुस्तक, हा जुना संकेतही आता सैल झाला आहे.

यावर आक्षेप असा, की हा प्रकाशकांनी रुजवलेला बाजार आहे. गुलाबाची प्रथा जुनी असली तरी पुस्तकदिन १९२६ मध्ये सुरू झाला आणि १९३० मध्ये २३ एप्रिलला आणला गेला, हे खरे. पण ती कल्पना मांडणारे प्रकाशक व्हिसेंत क्लावेल मूळचे व्हॅलेन्सियाचे होते. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाची भर या परंपरेने आपलीशी केली. शिवाय स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने कातालान भाषा शाळांतून आणि सरकारी कारभारातून हद्दपार केली. त्या भाषेतले पुस्तक घेणे त्यानंतर निव्वळ खरेदी उरली नाही. म्हणून कातालान शिकणारा परदेशी विद्यार्थी त्या दिवशी त्या भाषेतले पुस्तक घेऊन मित्राला देतो, तेव्हा तो या सणाचा पुरता वाटेकरी असतो. — संपादक