पंगतीतून निघालेली पुस्तके

लंडनच्या रॉक्सबर्ग क्लबचे एखादे पुस्तक उघडले, की मजकुराच्या आधी सभासदांची यादी लागते. यादीतली सगळी नावे काळ्या शाईत असतात, एक तेवढे लाल. ती प्रत ज्या सभासदासाठी काढली, त्याचे ते नाव. दुसऱ्या सभासदाच्या प्रतीत दुसरे नाव लाल, म्हणजे त्या एका पानापुरती प्रत्येक प्रत वेगळी. बांधणीही ठरलेली: पाठीला गडद चामडे, त्यावर सोनेरी अक्षरे, पानांची वरची कड सोनेरी आणि बाकीच्या कडा न कापलेल्या. जिल्दसाजांच्या दुनियेत या धाटणीला ‘रॉक्सबर्ग बांधणी’ असेच नाव पडले.

ही रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचे मूळ एका जेवणात आहे. त्या आणि नंतरच्या पंगतींची बित्तंबातमी राहिली ती एका वकिलाने नेमाने भरलेल्या वहीमुळे. पुस्तकसंग्राहकांच्या मंडळांची कुळकथा सांगायची, तर त्यांनी छापलेली पुस्तके आणि त्यांचे हाताने लिहिलेले दप्तर, दोन्ही शेजारी ठेवून पाहावी लागतात.

क्लबला ज्याचे नाव मिळाले, तो रॉक्सबर्गचा तिसरा ड्यूक जॉन केर क्लब निघण्याआधीच, १८०४ साली वारला होता. तो अविवाहित राहिला आणि आयुष्यभर त्याने पुस्तके जमवली. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने छापलेली पुस्तके, जुनी नाटके, रस्त्यावर विकली जाणारी पोवाड्यांसारखी एकपानी गाणी, असे सगळे त्याच्या घरात होते. वारसाहक्काचा तंटा अनेक वर्षे चालला आणि अखेर १८१२च्या मे महिन्यात हा संग्रह लिलावात निघाला. सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या ड्यूकच्या घरीच रॉबर्ट एव्हान्स या लिलावकर्त्याने तो चालवला. चाळीसहून अधिक दिवस बोली चालली आणि सुमारे २३ हजार पौंड उभे राहिले.

त्यातला मोठा दिवस १७ जून. त्या दिवशी बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ची व्हेनिसमध्ये ख्रिस्टोफर व्हाल्डार्फरने १४७१ साली छापलेली प्रत पुकारली गेली. दोन श्रीमंत संग्राहक समोरासमोर होते: अर्ल स्पेन्सर आणि ब्लॅण्डफर्डचा मार्क्विस. मार्क्विसकडे याच आवृत्तीची एक प्रत होती, पण तिची पाच पाने गहाळ होती. स्पेन्सर २,२५० पौंडांवर पोहोचला, मार्क्विसने आणखी दहा चढवले आणि २,२६० पौंडांवर हातोडा पडला. छापील पुस्तकाला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. पुढे कर्जापायी मार्क्विसला आपला संग्रह विकावा लागला आणि १८१९ साली तीच प्रत ९१८ पौंडांत स्पेन्सरकडे गेली. १८९२ मध्ये एनरिकेटा रायलंड्स यांनी स्पेन्सर घराण्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला आणि ती मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पोहोचली. तिथे ती आजही आहे.

त्याच संध्याकाळी सेंट अल्बन्स टॅव्हर्नमध्ये अठरा संग्राहक जेवायला जमले. बेत थॉमस फ्रॉग्नॉल डिब्डिन याचा. हा पाद्री जन्माने कलकत्त्याचा. पुस्तकवेडावरच्या त्याच्या ग्रंथाने त्या काळच्या धनिकांना जुन्या पुस्तकांची गोडी लावली होती. अध्यक्षस्थानी स्पेन्सर होता. दुपारी बोली हरलेला माणूस संध्याकाळी त्याच पुस्तकाच्या मुद्रकाचे स्मरण करायला उभा राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. ड्यूक जॉन, व्हाल्डार्फर, गुटेनबर्ग, कॅक्स्टन अशी नावे घेत शेवटी जगभरच्या ग्रंथप्रेमाच्या नावाने प्याले उंचावायचे, ही त्या रात्रीची चाल क्लबच्या वार्षिक जेवणात आजही पाळली जाते. डिब्डिन पहिला चिटणीस झाला.

एवढ्यावरच थांबते, तर तो खवय्यांचा आणि धनिकांचा आणखी एक गट ठरला असता. पण त्यांनी एक नियम केला. प्रत्येक सभासदाने निदान एकदा तरी एखादा दुर्मीळ मजकूर स्वखर्चाने छापावा आणि त्याची प्रत प्रत्येक सभासदाला भेट द्यावी. पहिला मान विल्यम बॉलंड या कायदेपंडिताचा. १८१४च्या जेवणात त्याने व्हर्जिलच्या महाकाव्याच्या दोन सर्गांचा अर्ल ऑफ सरेने सोळाव्या शतकात केलेला इंग्रजी अनुवाद छापून वाटला. तेव्हापासून क्लबची ग्रंथमाला चालू आहे. सभासदांची संख्या वाढत जाऊन चाळीसवर थांबली. आता काही प्रती विक्रीलाही ठेवतात.

या नियमाचे महत्त्व कळायला संग्राहकाच्या कपाटाकडे पाहावे लागते. तिथे जी वस्तू जगात एकुलती एक आहे, तिचीच किंमत सर्वांत जास्त. आणि जी एकुलती एक आहे, तिलाच आगीचे, ओलीचे, वाळवीचे भय सर्वांत जास्त. छापून वाटल्यावर मजकूर चाळीस घरांत जातो आणि एक घर जळाले तरी तो उरतो. आंब्याचे झाड एकाच्या परसात असले, तरी कोयी गावभर गेल्या की जात टिकते, तसेच हे. मालकी हेच ज्यांचे सुख, त्यांनी वाटून टाकण्याचा नियम स्वतःला लावून घेतला.

सुरुवातीची पुस्तके मात्र किरकोळ होती. पातळशी काव्ये, जुन्या छापील पुस्तिकांची पुनर्मुद्रणे, प्रती तीस-चाळीस. टीकाकार विचारत, की जे मुळातच दुर्मीळ आहे ते पुन्हा दुर्मीळ करूनच छापायचे, तर वाचकांच्या पदरात काय पडले? प्रश्न रास्त होता. क्लबचे उत्तर १८२८ साली आले. फ्रेडरिक मॅडन या हस्तलिखितांच्या जाणकाराला ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात संतचरित्रांच्या एका बाडात ‘हॅवेलॉक द डेन’ हे मध्ययुगीन काव्य सापडले होते. सुमारे तीन हजार ओळींचे हे काव्य जवळजवळ पूर्ण स्वरूपात या एकाच बाडात उरले आहे. डेन्मार्कचा पोरका राजपुत्र, त्याला बुडवायला सांगितलेला आणि त्याऐवजी त्याला घेऊन इंग्लंडला पळालेला ग्रिम कोळी, पुढे लिंकनच्या मुदपाकखान्यात पाणी भरणारा हाच राजपुत्र, अशी ती कथा. मॅडनने ती प्रस्तावना आणि शब्दकोश जोडून क्लबसाठी संपादित केली. हौशी सभासदाच्या जागी जाणकार संपादक आला आणि क्लबच्या पुस्तकांचे वजन वाढले.

आता त्या वहीकडे वळू. जोसेफ हेझलवुड हा संस्थापकांपैकी एक. ना सरदार, ना जमीनदार. लंडनमध्ये वकिली करून पोट भरणारा आणि उरलेला वेळ जुन्या पुस्तकांत घालवणारा माणूस. ‘बार्नाबीज जर्नल’ या निनावी प्रवासकाव्याचा कर्ता रिचर्ड ब्रॅथवेट आहे, हे त्याने शोधून काढले होते. क्लबच्या जेवणाला कोण आले, अध्यक्ष कोण होते, ताटात काय होते, कोणाच्या नावाने प्याले उंचावले, याची टिपणे तो वर्षानुवर्षे ठेवत राहिला. ‘रॉक्सबर्ग रेव्हल्स’ असे नाव त्यानेच या टिपणांना दिले.

१८३३ मध्ये तो वारला आणि त्याची पुस्तके लिलावात गेली. त्यांबरोबर ही वहीही गेली. टॉमस थॉर्प या पुस्तकविक्रेत्याने ती ४० पौंडांना घेतली आणि १८३४च्या जानेवारीत ‘अथेनियम’ साप्ताहिकात तिच्यातले उतारे छापून आले. हेतू उघड होता. हेझलवुडची भाषा, त्याचे सामान्य घर, जेवणाचे तपशील लिहिण्याची त्याची हौस, सगळ्याची मनसोक्त टिंगल झाली. उत्तर द्यायला तो हयात नव्हता. १८३७ साली एडिंबरोमध्ये जेम्स मेडमेंटने हे सगळे लिखाण आणि हेझलवुडच्या बाजूने दिलेली उत्तरे एकत्र करून, खासगी वाटपासाठी मोजक्या प्रतींत छापली. ज्या जातीची पुस्तके हेझलवुडने आयुष्यभर जमवली, त्या जातीचे एक पुस्तक त्याच्या टिपणांतूनच तयार झाले.

त्या टिंगलीबद्दल मला आजही राग येतो. टीकाकारांना ताटातले पदार्थ दिसले, त्यांपलीकडचे दिसले नाही. कोणत्या मुद्रकाचे नाव कोणत्या क्रमाने घेतले जाई, कोण नेमाने येई, एक नुकती जन्मलेली संस्था आपल्या चालीरीती कशा घडवत होती, हे आतून बघून कोणी लिहिले असेल, तर ते याच माणसाने. सभेचे इतिवृत्त ठराव नोंदवते. सभा कशी होती, हे असल्या वहीतच सापडते.

क्लबची रीत लवकरच लंडनबाहेर गेली. १८२३ साली क्लबमध्ये एक जागा रिकामी झाली, तेव्हा सभासदांनी ‘वेव्हर्ली’ कादंबऱ्यांच्या लेखकाला निवडायचे ठरवले. तो लेखक तेव्हा अधिकृतपणे अज्ञातच होता. वॉल्टर स्कॉटने आपण त्या अज्ञात लेखकाच्या जागी बसू, असे कळवून आमंत्रण स्वीकारले. त्याच वर्षी त्याने एडिंबरोत बॅनटाइन क्लब काढला. १५६८ मध्ये, प्लेगच्या दिवसांत, जुन्या स्कॉटिश कविता स्वहस्ते उतरवून ठेवणाऱ्या जॉर्ज बॅनटाइन या व्यापाऱ्याचे नाव त्याला दिले. चिटणीस होता डेव्हिड लेंग, पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. १८६१ साली क्लब आवरेपर्यंत ते काम त्यानेच पाहिले. स्कॉटलंडच्या इतिहासाची आणि साहित्याची साधने इथे छापली गेली आणि जेवणापेक्षा छपाई मोठी झाली.

पुढचे पाऊल फ्रेडरिक फर्निव्हलचे. रॉक्सबर्ग क्लबसाठी जुने ग्रंथ संपादित करत असतानाच, चाळीस माणसांनी वाचून हे काम भागणार नाही, अशी त्याची खात्री होती. १८६४ मध्ये त्याने अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी काढली आणि वर्गणी भरेल त्याला पुस्तक मिळू लागले. १८६८ साली वॉल्टर स्कीटने संपादित केलेला ‘हॅवेलॉक’ या सोसायटीने छापला. बाडातून क्लबच्या कपाटात आणि कपाटातून विद्यार्थ्याच्या हातात, हा त्या काव्याचा प्रवास चाळीस वर्षांत झाला.

अमेरिकेत हे रोप १८८४च्या जानेवारीत रुजले. छपाईयंत्रांचा कारखानदार रॉबर्ट हो याच्या न्यूयॉर्कमधल्या घरी नऊ जण जमले आणि ग्रोलियर क्लब स्थापन झाला. जाँ ग्रोलियर हा सोळाव्या शतकातला फ्रेंच खजिनदार. आपल्या पुस्तकांच्या जिल्दीवर तो स्वतःच्या नावापुढे ‘आणि मित्रांचे’ असे लॅटिनमध्ये कोरून घेई. नऊ जणांत थिओडोर लो डी व्हिन हा नामांकित मुद्रक होता. क्लबने पहिले पुस्तक निवडले ते असे: इंग्लंडच्या स्टार चेंबर न्यायालयाचा १६३७चा हुकूम, ज्याने मुख्य मुद्रकांची संख्या वीसवर आणि खिळे ओतणाऱ्यांची चारवर आणून ठेवली होती. मुद्रणाचा गळा दाबणारा हुकूम मुद्रकांनीच सुमारे दीडशे प्रतींत, जमेल तितका देखणा छापला.

या क्लबचे दार स्त्रियांना मात्र १९७६पर्यंत बंद होते. म्हणून १९४४ मध्ये सारा गिल्डरस्लीव्ह फाइफ आणि इतर काही ग्रंथसंग्राहक स्त्रियांनी न्यूयॉर्कमध्ये आपला ह्रोस्विथा क्लब काढला. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांचा मोठा संग्रह उभारणाऱ्या रेचल हंट त्याच्या सभासद होत्या. नाव घेतले ते दहाव्या शतकातल्या जर्मन जोगिणीचे. गान्डर्सहाइमच्या मठात राहून ह्रोस्विथाने लॅटिनमध्ये नाटके लिहिली. पुढे पाचशे वर्षे ती विस्मरणात गेली, मग कॉनराड सेल्टिस या पंडिताला एका मठात तिचे हस्तलिखित सापडले आणि १५०१ मध्ये न्यूरेम्बर्गला ते छापले गेले. १९६५ साली अॅन लायन हाइट यांच्या संपादनाखाली क्लबने तिचे चरित्र आणि ग्रंथसूची छापली.

हा क्लब आता नाही. त्याने छापलेले पुस्तक मोठ्या ग्रंथालयांत मिळते, पण त्या स्त्रिया एकमेकींच्या घरी जाऊन कोणते संग्रह पाहत, काय व्याख्याने होत, पत्रांतून काय ठरे, हे पुस्तकात नाही. ते त्यांच्या दप्तरात आहे, आणि ते दप्तर ग्रोलियर क्लबच्याच ग्रंथालयात जतन झाले आहे. ज्या घराने त्यांना बाहेर ठेवले, त्याच घराने त्यांची स्मृती सांभाळावी, ही उशिरा झालेली भरपाई म्हणायची. त्या स्त्रियांनी कागद टाकून दिले असते, तर भरपाई करायलाही काही उरले नसते.

क्लबचे पुस्तक काय वाचवले ते सांगते. कशासाठी, कोणाच्या पैशाने, कोणाला आत घेऊन आणि कोणाला वगळून वाचवले, हे दप्तर सांगते. पुस्तकाला ग्रंथालयात जागा मिळते, सूचीत क्रमांक मिळतो. दप्तर बहुधा शेवटच्या चिटणिसाच्या माळ्यावर पडून असते आणि त्याच्यामागे रद्दीत जाते. गावोगावच्या वाचनालयांना, अभ्यासमंडळांना, छोट्या प्रकाशनसंस्थांना माझे सांगणे एवढेच आहे: वार्षिक अंक छापाल, तेव्हा त्याच्याबरोबर सभांच्या वह्या, पावत्या, नामंजूर झालेले अर्ज आणि भांडणाची पत्रेही एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करा. आज ते क्षुल्लक वाटेल, कोणी हसेलही. हेझलवुडला हसले होते, आणि रॉक्सबर्गच्या त्या पंगती जाणून घ्यायला अभ्यासक आज त्याच्याच वहीकडे वळतात.