घरात पाहुणे, रानात भांगलण

निपाणीकडच्या आमच्या गावातल्या घरी धाकट्या जाऊबाईंनी माडीवरच्या दोन खोल्या पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. मी चार दिवस मदतीला गेले. पहाटे पाचला गोठा आणि धारा, साताला पाहुण्यांचा चहा, आठाला भांगलायला आलेल्या बायकांबरोबर स्वतः पात धरायची, अकराला परत चुलीपुढं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात. पाहुण्यांना नऊला गरम भाकरी हवी. रात्री भांडी विसळताना जाऊबाई म्हणाल्या, "आक्का, रान सोडवत न्हाई, आन् पाव्हणा सोडून परवडत न्हाई."

पदवीला माझा इतिहास होता. ती जुनी खोड, म्हणून घरी आल्यावर शोधत बसले, की शेती आणि पाहुणे ही कसरत आधी कुणी केली. वाट निघाली थेट इटलीत.

तिथल्या टस्कनी भागात शतकानुशतके अर्धेलीची शेती होती. मालकाची जमीन, मालकाचंच घर, कुळाचे कष्ट आणि पीक निम्मं निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची तरुण पोरं कारखान्यांत गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. माळावरची दगडी घरं ओस पडली, द्राक्षबागा आणि जैतुनाची झाडं सांभाळायला माणूस मिळेना. १९६५ मध्ये शेतमालकांच्या संघटनेने 'आग्रितुरिस्त' ही संस्था काढली. विचार साधा होता: शहरातल्या माणसाने शेतावर येऊन राहावं, घरचं खावं आणि त्या पैशावर शेत टिकावं.

पण पैसा दिसला की पाहुणेच मुख्य धंदा होणार आणि शेत शोभेला उरणार, ही भीती होतीच. म्हणून १९८५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. त्यात अट घातली, की शेती मुख्य राहिली पाहिजे आणि पाहुणे तिला जोड म्हणून. हे मोजायचं कसं? तर कामाच्या वेळाने! प्रांतांनी तक्ते केले: एक हेक्टर द्राक्षाला वर्षाला इतके तास, जैतुनाला इतके, एका गाईला इतके. शेतीचे तास पाहुण्यांच्या तासांपेक्षा जास्त भरले पाहिजेत. २००६ च्या नव्या कायद्याने लहान घरांना सूट दिली. दहापर्यंत पाहुणे असतील, तर शेतीच मुख्य धरायची.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. पाहुण्यांचं काम कुणी करायचं, तर शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी, असं १९८५ चा कायदा सांगत होता. घरचे म्हणजे कोण, यासाठी तो नागरी संहितेतल्या एका कलमाकडे बोट दाखवत होता. हे कलम १९७५ च्या कुटुंब-कायद्याच्या सुधारणेतून आलं. घरच्या धंद्यात राबणाऱ्या माणसाला त्याच्या कामाच्या मानाने नफ्यात वाटा आहे, असं ते म्हणतं. शिवाय स्वच्छ लिहिलंय, की बाईचं काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचं मानावं. कागदावरचं सगळं घराघरात उतरतं असं नाही. पण निदान कागदावर तरी आलं!

आपल्याकडेही हे वारं आलं. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठी धोरण आणलं. आणि बाईच्या कष्टाचा प्रश्न तर त्याही आधी शेतकरी संघटनेने मांडला होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्याकडे होत्या. त्या एकाच घरात मात्र क्वचितच भेटल्या.

पुढच्या खेपेला मी जाऊबाईंना शंभर पानी वही नेऊन दिली. म्हटलं, आठ दिवस तास लिहा. त्या हसल्या, पण लिहिलं. दिवसाची सरासरी निघाली ती अशी: गोठा दोन तास, रान चार, पाहुणे सात, घरचा स्वयंपाक आणि सासूबाईंचं दुखणंखुपणं वेगळंच. पाहुणे सहाच होते, तेव्हा इटलीच्या हिशेबाने आमची शेती मुख्यच ठरली असती. जाऊबाईंच्या दिवसाचा हिशेब मात्र वेगळं सांगत होता. आणि पाहुण्यांचे पैसे जात होते भावजींच्या मोबाइलवर.

जेवताना वही भावजींपुढं ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "एवढं होतंय व्हय?" म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

सोमवारी जाऊबाई बँकेत जाऊन आल्या. आता खोलीच्या दारावर जो क्रमांक लावलाय, तो त्यांच्या खात्याचा आहे. संध्याकाळी साडेसहानंतर जेवण मिळणार नाही, अशी पाटीही त्यांनी त्याखाली लावलीय. पाहुणे तरीही येतात.